आधी मोरी दाखवणाऱ्या बाई

श्रीमती इंदुमती कातनेश्वरकर यांची आणि माझी पहिली भेट मोरीत झाली. अमृतमहोत्सवी गौरवग्रंथात असे वाक्य शोभत नाही, हे मला कळते. संपादक मंडळाने ते काढून टाकले तरी माझी तक्रार नाही. पण झाले तसेच, आणि बाईंविषयी लिहायला बसल्यावर खोटे लिहिण्याची माझी छाती नाही.

पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पूर्णेच्या रेल्वे क्वार्टर्सच्या मागे बाईंचे बालघर होते, आजही तिथेच आहे. तीन खोल्या, पुढे अंगण, अंगणात लिंब. मी गेलो तेव्हा माझ्या हातात वही होती आणि वहीत सतरा प्रश्न होते. फाटकाला कडी आतून की बाहेरून, पाण्याच्या टाकीला झाकण आहे का, मुलांना कोण भरवते, असे एकाखाली एक. बाईंनी माझे नाव विचारले, लेकीचे नाव विचारले, वहीकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "चला, आधी मोरी बगा."

मोरी कोरडी होती. नळ माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर होता. छोटे मग एका बुटक्या फळीवर पालथे घातलेले, दाराला आतून कडी नाही, अर्धा पडदा फक्त. एक दोन-अडीच वर्षांचे लेकरू तिथे बसले होते आणि त्याच्या शेजारी एक मावशी उकिडव्या बसून त्याच्याशी गप्पा मारत होत्या. कसलीच घाई नव्हती. मी ते बघत उभा राहिलो आणि मला रडू फुटले. परक्या बाईंसमोर, मोरीच्या दारात, अडतिशीचा पुरुष मी, वही छातीशी धरून रडत होतो. बाईंनी कारण विचारले नाही. मावशींना म्हणाल्या, "पारू, मास्तरांना पाणी दे."

कारण आता सांगतो. मी त्या वेळी चुडाव्याला स्टेशन मास्तर होतो, राहायला पूर्णेलाच. स्वभावाने मी जात्याच घाबरट. गाडी उशिरा आली की काळजी वाटायची आणि वेळेवर आली की आज काय चुकले म्हणून वाटायची. पत्नी सुनीता पालम तालुक्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सकाळच्या एसटीने जायची, संध्याकाळी यायची. घरात दुसरे कोणी नाही. आमची मुक्ता अडीच वर्षांची झाली तेव्हा आम्ही तिला गावातल्याच एका घरगुती ठिकाणी ठेवले होते. नाव घेत नाही, ती मंडळी आता तिथे नाहीतही. भिंतीवर ए बी सी डीचे तक्ते होते, मुले रांगेत बसलेली होती, आवाज नव्हता. आम्ही म्हटले, किती शिस्त! मुक्ता रोज घरी यायची तेव्हा तिची पाण्याची बाटली भरलेली असायची. सुनीता कौतुकाने म्हणायची, बघा, सांडत नाही, पाडत नाही, कशी सांभाळून आणते. मी शेजाऱ्यांनाही सांगितले होते.

महिन्याभराने मुलीला ताप भरला. लघवी करताना किंचाळायला लागली. डॉक्टरांनी विचारले, दिवसभर पाणी पिते का? हळूहळू कळले ते असे. पहिल्याच आठवड्यात तिने चड्डीत केली होती आणि तिला सगळ्यांसमोर उभे केले होते. तेव्हापासून लेकराने स्वतःच उपाय शोधला, की प्यायचेच नाही. अडीच वर्षांच्या पोरीने आमच्यासमोर महिनाभर तहान गिळली आणि आम्ही तिच्या भरलेल्या बाटलीचे कौतुक करत होतो.

म्हणून मोरी बघून रडलो. आणि म्हणूनच आज, मुक्ताचा स्वतःचा मुलगा दोन वर्षांचा झाला असताना, तिची परभणीतली नोकरी पहिल्या तारखेला पुन्हा सुरू होत असताना आणि ईशानला कुठे ठेवायचे हे अजून ठरलेले नसताना, मला धड जेवण जात नाही. हा लेख मी दोन तुकड्यांत लिहिला आहे. इथवरचा आणि यापुढचा बराचसा भाग लिहिला तेव्हा काहीच ठरलेले नव्हते. माझे अक्षर कुठे कुठे कापरे झाले आहे, छपाईत ते दिसणार नाही, एवढेच समाधान.

बाईंच्या कामाची पद्धत या ग्रंथाच्या बहुतेक वाचकांना ठाऊक आहे, पण नव्या पालकांसाठी लिहून ठेवतो. बालघरात प्रवेशाचा अर्ज पहिल्या दिवशी मिळत नाही. आधी पालकाने सतरंजीवर बसायचे. सकाळी सातपासून, कारण रेल्वेच्या ड्युट्या पाहून बाई सातलाच दार उघडत. आई नाहीतर बाप, कोणीतरी एकाने रोज येऊन बसायचे, लेकराला ढकलायचे नाही, बोलवायचे नाही, नुसते बसायचे. लेकरू आधी मांडीवर, मग शेजारी, मग हाताच्या अंतरावर, असे आपले आपण सरकते. आणि ज्या दिवशी ते बालघरातल्या एखाद्या ताईचे किंवा मावशीचे बोट धरून मोरीत जाईल, त्या दिवशी बाई अर्ज पुढे करतात. सही पालकाची, पण निकाल लेकराचा.

मी पहिल्याच दिवशी विचारले होते, "बाई, पण याला किती दिवस लागतील?"

"मला काय ठाव? तुमच्या लेकीला इचारा."

"साधारण किती?"

"मास्तर, तुमी लय घाबरताव," बाई म्हणाल्या. मी वरमलो. तर त्या पुढे म्हणाल्या, "घाबरा की. ते बरंच हाय. जो बाप लेकरू फाटकात ठेवून मागं न बगता जातो ना, त्याच्या लेकराची मला काळजी वाटती."

उभ्या आयुष्यात माझ्या घाबरटपणाला कोणी बरे म्हटले नव्हते. वडिलांनी नाही, साहेबांनी नाही, सुनीतानेही नाही. बाईंविषयी माझ्या मनात जो आदर आहे त्याची सुरुवात त्या वाक्यापासून झाली, हे मी मोकळेपणाने सांगतो.

इतर मुलांना चार दिवस लागत, पाच लागत. मुक्ता आठ दिवस माझ्या मांडीवरून उतरली नाही. मी नऊ दिवसांची रजा टाकली होती. रोज रात्री सुनीता विचारायची, उतरली का? मी म्हणायचो, आज गुडघ्यापर्यंत आली. नवव्या दिवशी ती ठोकळ्यांपर्यंत गेली, पण मोरीत नाही. दहाव्या दिवशी मला ड्युटीवर हजर व्हायचेच होते. मी बाईंना रजेचे काही बोललो नाही. बोललो असतो तर बाईंनी मार्ग काढला असता, हे आज कळते. तेव्हा मला वाटले, नाही म्हटल्या तर?

दहाव्या दिवशी मी गणवेश पिशवीत घालून गेलो. मुक्ता ठोकळ्यांशी बसली. पारूमावशींनी तिच्यासमोर एकावर एक ठोकळे रचायला घेतले. मुक्ताची पाठ माझ्याकडे झाली आणि मी सतरंजीवरून उठलो. आमच्याकडे घराघरांत हेच करतात. लेकरू नादी लागले की हळूच सटकायचे, म्हणजे ते रडत नाही आणि आपल्यालाही त्रास नाही. माझ्या आईने हेच केले होते, तिच्या आईने हेच केले असेल. मी चपला हातात घेतल्या, फाटकाची कडी आवाज न करता काढली आणि स्टेशनाच्या दिशेने जवळजवळ पळत सुटलो.

साडेसातची पॅसेंजर उभी होती. मी डब्यात चढलो, खिडकीशी बसलो आणि मोठा सुस्कारा सोडला. तेवढ्यात प्लॅटफॉर्मवर बाई दिसल्या. कडेवर मुक्ता होती. बाईंच्या पायात चप्पल नव्हती. एकेका खिडकीत डोकावत त्या येत होत्या. सिग्नल झालेला होता, हे माझ्यापेक्षा कोणाला जास्त कळणार?

"मास्तर, उतरा खाली."

"बाई, गाडी सुटायलीय."

"सुटू द्या. लेकराला सांगून जा."

मी दारात आलो. डब्यातली चार माणसे ओळखीची होती, सगळे बघत होते. मुक्ता रडत नव्हती. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती तिला काय म्हणतात मला माहीत नाही, पण तशी नजर पुन्हा माझ्या वाट्याला येऊ नये.

"मुक्ता, मी ड्युटीवर जातो बाळा. संध्याकाळी येतो," मी म्हणालो.

तिने माझा सदरा मुठीत धरला आणि मग टाहो फोडला. बाईंनी तिची मूठ हिसकावली नाही. एकेक बोट सोडवले. "रडू दे तिला. रडायचा हक हाय तिचा," त्या म्हणाल्या. "पन फसवू नका. आता माघारी वळल्यावर बाप हाय का न्हाई ह्याची तिला सारखी धास्ती ऱ्हाईल. मग ती खेळंल कधी?" गाडी हलली. मी दांडा धरून दारात उभा होतो आणि चुडावा येईपर्यंत आत जाऊन बसलो नाही.

तो दिवस मी कसा काढला ते मलाच ठाऊक. बालघरात फोन नव्हता. पूर्णेहून येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या गार्डला मी विचारत होतो, क्वार्टर्सकडून काही निरोप? एकाने तर चिडून विचारले, मास्तर, घरी कोणी सीरियस आहे का? संध्याकाळी परतलो तो थेट बालघराकडे गेलो. बाई अंगणात होत्या.

मी विचारले, "रडली का?"

दुसरे कोणी असते तर म्हणाले असते, छे हो, तुम्ही गेल्यावर लगेच गप्प बसली. पालकांना बरे वाटावे म्हणून सगळीकडे हेच सांगतात आणि आपल्यालाही तेच ऐकायचे असते. बाई म्हणाल्या, "दीड तास रडली. पयले माज्या कडेवर, मग पारूच्या. वरण-भात न्हाई खाल्ला, नुस्ता भात खाल्ला. झोपली न्हाई. पानी दोनदा पेली." आणि मग म्हणाल्या, "आन् मोरीत पारूसंगं गेली."

मी ओट्यावर बसलो. बाईंनी अर्ज आणि पेन आणून माझ्या शेजारी ठेवले. माझ्या हाताला इतका घाम आला होता की सही पसरली. तो अर्ज बाईंनी जपून ठेवला असेल तर या ग्रंथात छापू नये, ही विनंती.

इतक्या वर्षांत बाईंनी एकाही पालकाला दिवसभराचे गोड करून सांगितलेले मी ऐकले नाही. पडले तर पडले, चावले तर चावले, कोण कोणाला चावले तेही. यामुळे काही लोक दुखावले. दोन घरांचा तर बाईंमुळे अबोला झाला, कारण एका लेकराने दुसऱ्याला नखाने ओरबाडले होते आणि बाईंनी दोघांच्याही आयांना एकत्र उभे करून सांगितले. बाईंना गोड बोलता येत नाही, हा त्यांचा दोष मी गौरवग्रंथातही नोंदवतो. दुसरा दोष हट्ट. तीन-चार वर्षांच्या मुलांच्या हाती पाटी द्यायची नाही, म्हणजे नाही. गावात टाय-बुटांच्या शाळा आल्या तेव्हा मुले भराभर गेली, बालघरात बोटांवर मोजण्याएवढी उरली. मी भीत भीत सुचवले की फाटकावर निदान इंग्रजी अक्षरांची पाटी तरी लावू. बाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पाटी बगून येतील ते पाटी बगूनच जातील की."

पण चूक कबूल करण्यात बाईंइतकी निर्भय व्यक्ती मी पाहिली नाही. चुडाव्याच्या बाजूच्या एका वस्तीवरचे कुटुंब ऊसतोडीला जात असे. एका वर्षी त्यांनी मुलीला आजीजवळ ठेवले आणि आजी तिला रोज बालघरात आणून सोडू लागली. पोर हाक मारली तरी यायची नाही, सांगितलेले करायची नाही. बाईंनी तिला हट्टी ठरवले. चार महिने तसेच गेले. एके दिवशी अंगणात पत्र्याचा डबा धाडकन पडला, सगळी मुले दचकली आणि ही पोर मातीत रेघोट्या मारत राहिली. बाईंचा चेहरा पांढरा पडलेला मी स्वतः पाहिला. मुलीला ऐकू येत नव्हते.

आई-बाप तोडीवरून परतले त्याच दिवशी बाई मला घेऊन वस्तीवर गेल्या. मुलीच्या आईसमोर हात जोडून म्हणाल्या, "माय, मी चुकले. चार म्हैने मी तुज्या लेकीवर रागावले. तिला ऐकूच येत न्हवतं."

ती माउली गोंधळून गेली. "आवो बाई, आमाला बी कुटं कळलं? तुमी कामून हात जोडायल्यात?"

"तू कारखान्यावर व्हतीस. मी समोर व्हते," बाई म्हणाल्या.

पुढे परभणीला तपासण्या झाल्या, यंत्र मिळाले, प्रत्येक खेपेला बाई सोबत गेल्या. ती मुलगी आज शिवणकाम करते आणि माझ्यापेक्षा स्पष्ट बोलते. मात्र नवी ताई कामाला लागली की बाई पहिल्या दिवशी तिला आपली ही चूक स्वतः सांगतात. आणि तेव्हापासून नवे लेकरू आले की बाई पहिल्या आठवड्यात कधीतरी त्याच्या पाठीमागे जाऊन हलकेच हाक मारतात. लेकराने मान वळवली की पुढच्या कामाला लागतात.

मी निवृत्त झाल्यापासून सकाळी बालघराचे फाटक मीच उघडतो. बाईंनी मला कामही नेमून दिले आहे. नव्या पालकांत जो सगळ्यात जास्त घाबरलेला असेल त्याच्याजवळ सतरंजीवर जाऊन बसायचे. "तुमी घाबरणाऱ्यांचे मास्तर," असे बाई मला चारचौघांत म्हणतात. आजवर कितीतरी बापांना मी त्या प्लॅटफॉर्मची हकिगत सांगितली आहे. सांगताना मी शहाणा असल्यासारखा बोलतो.

ते शहाणपण किती वरवरचे होते, ते या महिन्यात कळले. ईशानला पूर्णेला आणून बालघरात ठेवू, फाटकाशी मी आहेच, मुक्ता शनिवार-रविवार येईल, असा बेत मी मनाशी पक्का केला होता. बाईंना सांगितला तर त्यांनी सरळ मोडून काढला. "लेकराला संध्याकाळी आई पाहिजे. शनिवारी न्हाई. परभणीतच बगा."

"परभणीत तुमच्यासारखं कोण आहे?" मी विचारले.

"बगितल्याबिगर कसं कळंल?"

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. काळजी एकट्या ईशानची नव्हती. बाईंना पंच्याहत्तर पूर्ण होत आहेत. गुडघ्यांचे ऑपरेशन झाले आहे, डोळ्यांचे झाले आहे. बालघराचा कारभार त्यांनी ताईंवर सोपवायला सुरुवात केली आहे. बाईंच्या हातात मी माझी लेक दिली होती; आता त्या हातांना कंप आहे, आणि माझ्या नातवासाठी मला दुसरे हात शोधायचे होते. ते सापडणारच नाहीत, असे माझ्या मनाने धरले होते. म्हणून हा लेख निम्म्यावर ठेवून दिला होता. ज्यांच्यानंतर कोणी नाही असे वाटते, त्यांचा गौरव लिहिताना निरोप लिहितो आहोत असे वाटू लागते.

मागच्या गुरुवारी बाई स्वतःच म्हणाल्या, "चला, मी येते परभणीला." गुडघ्यांचे कारण सांगून बघितले, ऐकले नाही. पॅसेंजरने गेलो, स्टेशनाबाहेर मुक्ता रिक्षा घेऊन उभी होती. ईशान तिच्या खांद्यावर झोपलेला होता.

पहिले ठिकाण मोठे होते. दारात गार हवा, भिंतीवर हत्ती-वाघ, कोपऱ्याकोपऱ्यात कॅमेरे. मोबाइलवर दिवसभर मूल दिसते म्हणे. मला ते फार आवडले, खोटे कशाला बोलू? दिवसभर मोबाइल धरून बसता आले असते. बाईंनी मोरी बघायची म्हटली. तिथल्या मॅडम हसून म्हणाल्या, पालकांना आत सोडत नाही, सुरक्षेचा नियम आहे. बाईंनी त्यांना नमस्कार केला आणि बाहेर आल्या. दुसऱ्या ठिकाणी मोरी दाखवली, मोरी चांगलीही होती, पण तिथल्या चारही ताया मागच्या दिवाळीनंतर लागलेल्या होत्या. आधीच्या कुठे गेल्या हे कोणी सांगेना. मुक्ता माझ्याकडे बघत होती. पहिली तारीख सहा दिवसांवर आली होती.

तिसरे ठिकाण एका गल्लीत, जुन्या घराच्या तळमजल्यावर होते. पाटी लहान, रंग उडालेला. नसीम नावाची तिशीची एक मुलगी ते चालवते. तिने आम्हाला आत घेतले, मोरी दाखवली, बसायला सतरंजी दाखवली आणि म्हणाली, "बसा, बघा. मी आता मुलांत आहे, बोलायला वेळ लागेल." बाई कोण, कुठल्या, हे तिने विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही.

थोड्या वेळाने साडेतीन-चार वर्षांची एक चिमुरडी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. तिला काहीतरी सांगायचे होते आणि शब्द फुटत नव्हता. "माज्या... माज्या घरी... शे... शे..." नसीम खाली बसून तिच्या तोंडाकडे बघत होती. "शे... शेळीला..." पोर पुन्हा अडकली. बाई शेजारीच बसलेल्या होत्या. लेकरू अडखळलेले त्यांना बघवले नाही, त्या मायेने म्हणाल्या, "पिल्लू झालं व्हय?"

नसीमने मान वर केली. आवाज न चढवता, पण स्पष्ट म्हणाली, "आजी, मधी बोलू नका. ती सांगायलीय."

परभणी जिल्ह्यात बालशिक्षणात ज्यांच्या शब्दाला मान आहे, ज्यांच्यासाठी आपण सगळे हा ग्रंथ काढतो आहोत, त्यांना ही पोर गप्प करत होती! मी तोंड उघडणार तोच बाईंनी माझा दंड दाबला. ती चिमुरडी पुन्हा "माज्या घरी" पासून सुरू झाली. किती वेळ लागला सांगता येत नाही. मला तो फार वाटला. शेवटी म्हणाली, "शेळीला... ताप आलाय."

पिल्लू नव्हतेच. नसीमने विचारले, "मग तू काय केलंस?" आणि पोर पुढचे सांगू लागली, आता जरा कमी अडखळत.

आम्ही बाहेर आलो. रिक्षात बाई एक शब्द बोलेनात. त्या दुखावल्या असे मला वाटले. पार बसस्टँडापर्यंत आल्यावर मी म्हणालो, "बाई, तिला माहीत नव्हतं तुम्ही कोण आहात."

"म्हणूनच तर बरं वाटलं," बाई म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आलेले मला दिसले. "मुक्ता, सोमवारपासून हिथं सतरंजीवर बस. रजा वाढवून घे, दहा दिवस लागले तर लागू दे. मास्तर, इतकी वर्सं झाली, लेकरासाठी मला गप करणारं कुणी भेटलंच न्हवतं. सगळे माज्या तोंडाकडं बगायचे. मला लय भ्या वाटायचं वो, की मी चुकले तर मला थांबवणार कोण?"

बाईंना भीती वाटत होती. मी पंचवीस वर्षे माझीच भीती घेऊन त्यांच्या दारात बसलो आणि हे एकदाही माझ्या लक्षात आले नाही.

मुक्ताने साहेबांना फोन करून रजा वाढवून घेतली आहे. सोमवारी ती बसायला जाईल. मी परभणीला यायचे नाही, असे बाईंनी बजावले आहे. मुक्ताची काळजी मुक्ताला करू द्यावी, असे त्यांचे म्हणणे. मी जाणार नाही. पण सोमवारी माझी अवस्था काय असेल, हे जाणकारांनी ओळखावे.

गौरवलेखाच्या अखेरीस दीर्घायुष्य चिंतायचे असते. मी बाईंना ते दरवर्षी वाढदिवसाला चिंतत आलो, आणि आज लाज वाटते, पण ती इच्छा स्वार्थाची होती. बाई असल्या म्हणजे आमच्या लेकरांचे बरे होईल, म्हणून बाईंनी जगावे. आमच्या सगळ्यांच्या शुभेच्छांत थोडा तरी हा हिशेब असतोच.

बाई, परमेश्वर आपल्याला निरोगी ठेवो, गुडघे चालते ठेवो, नजर साफ ठेवो. शंभरी गाठा. पण आता आमच्या लेकरांच्या काळजीने जगू नका. परभणीच्या एका गल्लीत एक मुलगी आहे, तिला तुमचे नावही माहीत नाही, आणि लेकरू बोलत असताना ती तुम्हालासुद्धा मधे बोलू देत नाही. आता खुशाल जगा, नुसते तुमच्या हौसेने.